इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच बदलताय? आधी मीटर, मग पान्हा

‘क्लच गेलाय, नवीन मागवा.’ पॅकिंगच्या शेडमध्ये हे वाक्य ऐकलं की मी आधी काढलेला क्लच टेबलावर घेतो आणि त्याला चोवीस व्होल्ट देतो. बहुतेक वेळा तो टक्कन आवाज करून पकडतो. म्हणजे क्लच जिवंत असतो आणि दुखणं दुसरीकडेच असतं. मग नवा क्लच बसतो, आठवडाभर चालतो आणि त्याच तक्रारीसह तोही खाली उतरतो. मालक म्हणतो माल डुप्लिकेट आला, फिटर म्हणतो वायरिंगवाल्याची चूक, आणि मशीन बंद ते बंदच.

हा लेख एका ठरावीक कामाबद्दल आहे. मसाला भरणाऱ्या पाऊच मशीनवर फिल्म ओढणाऱ्या रोलरला लावलेला, एका प्लेटचा, कोरडा, २४ व्होल्ट डीसीचा क्लच तपासायचा कसा आणि बदलायचा कसा. या मशीनवर क्लच आणि ब्रेक जोडीने काम करतात. क्लच पकडला की फिल्म ओढली जाते, फोटोसेन्सरला आय मार्क (फिल्मवर छापलेली खूण) दिसला की क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि जबडे सील मारतात. मिनिटाला साठ पाऊच म्हणजे मिनिटाला साठ वेळा हा खेळ. लेबल लावणारं मशीन, थांबत-थांबत चालणारा कन्व्हेयर, कापडाच्या सुताचं वार्पिंग, छपाईतला कागद सरकवणारा भाग, सगळीकडे हाच प्रकार असतो. आकडे तेवढे बदलतील.

## आत काय घडतं, तेवढंच

तीन भाग असतात. फील्ड, म्हणजे कॉइल बसवलेलं लोखंडी घर. ते मशीनच्या भिंतीला धरून स्थिर राहतं. रोटर, म्हणजे फिरत्या शाफ्टवर की (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) घालून बसवलेली चकती. लायनिंग, म्हणजे पकडणारा घर्षणाचा थर, हिच्याच तोंडावर असतं. आणि आर्मेचर, म्हणजे समोरची सपाट लोखंडी प्लेट. ती पातळ पट्टीस्प्रिंगांवर रोलरकडच्या स्प्रॉकेटला अडकवलेली असते. कॉइलमध्ये करंट गेला की चुंबकत्व फील्डमधून रोटरमध्ये, तिथून फट ओलांडून आर्मेचरमध्ये आणि परत असं फिरतं. आर्मेचर खेचलं जाऊन रोटरला चिकटतं. करंट तोडला की पट्टीस्प्रिंगा त्याला मागे ओढतात.

यातल्या दोन गोष्टी पुढे पावलोपावली लागणार आहेत. पहिली, ओढ फटीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात कमी होते. फट दुप्पट झाली की ओढ ढोबळमानाने पाव उरते. दुसरी, ओढ ठरते ती करंटवर. कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो, व्होल्टेज तेच राहूनही करंट घटतो.

## टप्पा १: पान्हा उचलण्याआधी लक्षण नीट बघा

मशीन चालू असताना पाच मिनिटं नुसतं उभं राहा. चार प्रकार दिसतात आणि चारांची कारणं वेगळी आहेत.

पकडतच नाही, किंवा उशिरा पकडतो. टक्क आवाज कमी येतो, कधी येतच नाही. लायनिंग झिजून फट वाढली की हे होतं. इथे बहुतेकांची गल्लत होते. झिजलेला क्लच आधी घसरत नाही. एकदा आर्मेचर चिकटलं की फट शून्यच असते, त्यामुळे टॉर्क जवळपास पूर्ण मिळतो. अडचण चिकटेपर्यंतचीच असते.

पकडतो, पण घसरतो. आवाज व्यवस्थित येतो, तरी पाऊच आखूड निघतो, कधी जळका वास येतो. इथे फटीकडे बघू नका. तेल, कमी करंट किंवा कुठेतरी अडकलेला रोलर, यांपैकी एक असतं.

सकाळी ठीक, दुपारी घसरतो. हा तापलेल्या कॉइलचा नमुना. टप्पा ३ मध्ये याचा हिशेब आहे.

सुटतच नाही. पाऊच लांब येतो, ब्रेक तापतो. फट फार कमी आहे, आर्मेचरच्या मागे पूड साचली आहे, पट्टीस्प्रिंग तुटली आहे किंवा कॉइलवर चुकीचा डायोड आहे.

> थांबा. पुरवठा चालू ठेवायला जिथे मुद्दाम सांगितलंय ते सोडून, पुढचं सगळं मुख्य वीज बंद करून, स्विचला कुलूप घालून आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून. सील मारणारे जबडे वीज गेल्यावरही बराच वेळ गरम असतात. क्लचपर्यंत हात घालताना कोपर तिथेच टेकतो.

पहिल्या प्रकारात एक सोपी परीक्षा आहे. मुख्य मोटरचे फ्यूज काढून ठेवा, फक्त कंट्रोलचा पुरवठा चालू करा आणि क्लचची कॉइल भारित करा. आर्मेचर खेचलं गेलं नाही तर लाकडी काठीने त्याला हलकेच रोटरकडे ढकला. ढकलल्यावर चिकटून राहिलं तर कॉइल जिवंत आहे, फट वाढली आहे. नवा क्लच मागवण्याआधी शिम (फट ठरवणारी पातळ चकती) काढून फट कमी करता येते का ते बघा. लायनिंग शिल्लक असेल तर काम तेवढ्यावरही भागतं.

## टप्पा २: कॉइल मोजा

दोन्ही वायरी सोडवा. एक जोडलेली ठेवून मोजलं तर मीटरला पॅनलमधले घटकही दिसतात आणि आकडा फसवा येतो.

रोध किती यायला हवा ते क्लचच्या पाटीवरून काढा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. उदाहरणार्थ २० न्यूटन-मीटरचा, २४ व्होल्ट, २० वॅटचा क्लच. ५७६ भागिले २० म्हणजे २८.८ ओम, करंट ०.८३ अँपिअर. हा रोध २० अंश सेल्सिअसचा. मीटरमध्ये २७ ते ३२ च्या आसपास आलं तर कॉइल निर्दोष धरा. मीटरने अनंत दाखवलं तर वायर तुटली आहे, पण आधी कॉइलमधून बाहेर पडणारी वायर मुळापाशी हलवून बघा. रोजच्या थरथरीने ती नेमकी तिथेच तुटते आणि इन्सुलेशनच्या आत असल्याने वरून दिसत नाही. फार कमी आकडा म्हणजे वेटोळे आपसात चिकटले आहेत, आणि ही कॉइल गेली.

मग वायर आणि लोखंडी घर यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा. १ मेगाओमच्या खाली आलं तर कॉइल ओली किंवा जळलेली आहे. मेगर लावताना कॉइल पीएलसीपासून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपासून) पूर्ण सुटी आहे याची दोनदा खात्री करा. मेगरने क्लचची परीक्षा घ्यायला जायचं आणि पीएलसीचं कार्ड जाळून यायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

## टप्पा ३: पुरवठा मोजा, आणि तोही कॉइल चालू असताना

सगळ्यात जास्त क्लच इथे मरतात, म्हणून जरा सावकाश.

पहिली चूक: वायर काढून मोकळ्या टोकांवर व्होल्टेज मोजायचं. काजळी धरलेला रिले मोकळ्यावर २४ दाखवतो आणि लोड आला की १७ वर येतो. मीटरच्या टोच्या क्लचच्याच टर्मिनलवर लावा आणि कॉइल चालू करून वाचा. २१.६ ते २६.४ च्या दरम्यान असलं पाहिजे, म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे.

दुसरी चूक ट्रान्सफॉर्मरची. जुन्या पॅनलमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) असतो. ‘क्लच २४चा, म्हणून ट्रान्सफॉर्मर २४चा’ हे ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब करून बघा. २४ व्होल्ट एसी ब्रिजमधून गेलं की सरासरी डीसी ०.९ पट मिळतं, म्हणजे २१.६. त्यातून दोन डायोडचा उतार, सुमारे १.४ व्होल्ट, वजा जातो. हातात उरतात २० व्होल्ट. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच मर्यादेच्या खाली. बरोबर ट्रान्सफॉर्मर साधारण २८ व्होल्टचा लागतो: २५.२ वजा १.४, म्हणजे २३.८.

तिसरी चूक ही दुसरीच्या इलाजातून जन्माला येते. कोणीतरी म्हणतं, ‘व्होल्टेज कमी पडतंय, एक मोठा कपॅसिटर टाकू.’ टाकल्यावर तेच २४ व्होल्ट एसी शिखरापर्यंत चढतं आणि डीसी ३२ च्या घरात जातं. क्लच झकास पकडतो, सगळे खूश. पण २८.८ ओमच्या कॉइलवर ३२ व्होल्ट म्हणजे ३५ वॅटच्या वर. २० वॅटची कॉइल महिना-दोन महिने सोसते, मग जळते. सांगलीजवळच्या एका हळद-मिरचीच्या युनिटमध्ये असे तीन क्लच गेल्यावर मला बोलावलं होतं. कपॅसिटर पॅनलच्या मागच्या बाजूला टेपने गुंडाळून ठेवला होता, म्हणून आधीच्या कोणाला दिसला नव्हता.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चांगला २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्थिर डीसी देणारा पुरवठा). क्लच आणि ब्रेक एका वेळी चालत नाहीत, तरी तो अडीच-तीन अँपिअरचा घ्या आणि सेन्सरसाठी वेगळा ठेवा.

आता दुपारच्या घसरण्याचा हिशेब. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना २८.८ ओम असलेली कॉइल ८० अंशांना साडेपस्तीस ओमपर्यंत जाते. करंट ०.८३ वरून ०.६७ वर, म्हणजे जवळपास वीस टक्के कमी. त्यात एप्रिलची दुपार, शेडवर पत्रा आणि आधीच २० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. मग ‘सकाळी चालतं हो’ ही तक्रार येणारच. म्हणून व्होल्टेज आणि करंट थंड मशीनवर एकदा आणि तासभर चालल्यावर एकदा, असं दोनदा मोजा.

> तपासा. इथपर्यंत रोध, मेगर आणि चालू व्होल्टेज हे तिन्ही आकडे कागदावर आहेत का? नसतील तर नवा क्लच खोक्यातच राहू द्या.

## टप्पा ४: नवा क्लच घेताना

जुन्यासारखाच घ्यायचा असेल तर पाटीवरचं व्होल्टेज, टॉर्क, बोअर (शाफ्टच्या भोकाचा व्यास), कीवेची म्हणजे कीच्या खाचेची रुंदी आणि फील्ड मशीनला फ्लँजने बसतं की शाफ्टवर बेअरिंगने, एवढं जुळवा. मोटर बदलली असेल, वेग वाढवला असेल तर पुन्हा हिशेब करा. टॉर्क म्हणजे ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम. पाऊण किलोवॅटची ताकद १४४० आरपीएमच्या शाफ्टमधून जाते तेव्हा ५ न्यूटन-मीटर, तीच ३०० आरपीएमवर जवळपास २४. क्लच त्याच्या दीड ते दोन पट टॉर्कचा घ्या.

याचा अर्थ वेगवान शाफ्टवर छोटा क्लच चालतो असा लावू नका. दर वेळी लोड शून्यापासून उचलताना क्लचमध्ये उष्णता तयार होते आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर प्रत्येक पकडीची उष्णता चौपट. मिनिटाला साठ वेळा पकडणाऱ्या मशीनवर टॉर्कपेक्षा हीच गोष्ट आधी आडवी येते.

## टप्पा ५: जुना उतरवणं

उतरवण्याआधी मोबाइलने चार बाजूंनी फोटो काढा आणि शिम किती होते, कुठल्या बाजूला होते ते लिहा. शिम जमिनीवर पडले की केराबरोबर जातात, आणि त्यांच्यावरच तर पुढची फट उभी आहे.

रोटरला हातोडी नाही. पुलर लावा. हातोडीने रोटरचं तोंड काही शतांश मिलिमीटर जरी वाकडं झालं तरी ०.२ मिलिमीटरच्या फटीत ते हत्तीएवढं असतं. गंज धरला असेल तर भेदक तेल शाफ्टवर कापसाने लावा, फवारू नका.

मसाल्याच्या युनिटमध्ये क्लच उघडला की आत पिवळा-तांबडा लेप दिसतो. मिरचीत तेल असतं, हळदीची पूड बारीक, दोन्ही मिळून लायनिंगवर पॉलिश चढतं. एअर गनने फुंकर मारू नका. पूड आर्मेचरच्या मागे आणि बेअरिंगमध्ये जाते. शिवाय जुन्या मशीनच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ नाकात नको. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. कॉइल चालू असताना क्लच मोठा लोहचुंबकच असतो, त्यामुळे शेजारी ग्राइंडर चालत असेल तर लोखंडाचा कीस फटीत जाऊन बसलेला दिसेल. तोही पुसून काढा आणि ग्राइंडर दुसरीकडे हलवा.

तेल प्यायलेलं लायनिंग थिनरने पुसून परत लावता येतं का? दोन-चार दिवस चालतं. तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं.

## टप्पा ६: बसवणं

1. शाफ्ट एमरी पेपरने साफ करा, की हाताने बसते का ते बघा. ठोकून बसणारी की रोटर तिरपा करते.
2. फील्ड बसवा. फ्लँजचं असेल तर त्याचा खांदा मशीनच्या भोकात नीट बसला पाहिजे. नुसत्या बोल्टच्या भरवशावर ते मध्यावर राहत नाही. डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं घड्याळ) शाफ्टवर बांधून फील्डच्या आतल्या गोलावर एक फेरी मारा. मी ०.०५ मिलिमीटरच्या आत आणतो.
3. रोटर सरकवा आणि हाताने फिरवा. फील्डला घासल्याचा आवाज कान लावला तरी येता कामा नये.
4. आर्मेचर आणि स्प्रॉकेट चढवा, पण अजून आवळू नका. फट पुढच्या टप्प्यात.

फील्ड बेअरिंगवर बसणारं असेल तर त्याला एक कान असतो. तो कान पिनेत किंवा खाचेत अडकवून फील्डला फिरण्यापासून रोखायचं, एवढंच. त्याला थोडी मोकळीक हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो कान बोल्टने गच्च आवळला होता. छान, घट्ट, अजिबात हलत नव्हता. शाफ्टचा जो थोडासा डुगडुगा होता तो सगळा क्लचच्या बेअरिंगवर आला आणि बाराव्या दिवशी बेअरिंग किंचाळायला लागलं. आमचे फोरमन काही बोलले नाहीत. तुटलेलं बेअरिंग माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले.

## टप्पा ७: एअर गॅप

लेखातला हा एकच भाग लक्षात राहिला तरी चालेल.

लहान क्लचला, म्हणजे २० न्यूटन-मीटरपर्यंत, फट साधारण ०.२ मिलिमीटर असते. त्यावरच्यांना ०.३, मोठ्यांना ०.५. तुमच्या क्लचच्या कागदावर असेल तोच आकडा खरा. फट मोजताना कॉइल बंद, आर्मेचर मोकळं.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) शक्यतो पितळेचा घ्या. पोलादी पात्या उरलेल्या चुंबकत्वाने चिकटतात आणि हाताला खोटा अंदाज देतात. तीन ठिकाणी मोजा, घड्याळात बारा, चार आणि आठच्या जागी. ०.२० ची पाती जाते आणि ०.२५ ची अडते, असं तिन्ही जागी आलं पाहिजे. मग आर्मेचर अर्धी फेरी फिरवून पुन्हा तीन वेळा. जास्त फटीची जागा आर्मेचरबरोबर फिरली तर आर्मेचर वाकडं. जागच्या जागी राहिली तर स्प्रॉकेटचं बेअरिंग किंवा शाफ्टच तिरपा आहे. हे न बघता शिम वाढवत-कमी करत बसलात तर संध्याकाळ होते.

फट बदलायची ती शिमनेच. ग्रब स्क्रू सैल करून स्प्रॉकेट अंदाजाने मागेपुढे ढकलायचं आणि आवळायचं, ही पद्धत दिसते सोपी. पण स्क्रू आवळताना स्प्रॉकेट सरकतं आणि थरथरीने आणखी सरकतं.

> तपासा, आणि हे कोणीच तपासत नाही. शाफ्ट टोकाला धरून मागेपुढे ओढा आणि डायल गेज लावा. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट ०.१ मिलिमीटर सहज सरकतो. मग ०.२ ची फट चालताना ०.१ मिलिमीटरने कमी किंवा जास्त होऊ शकते. असा शाफ्ट असेल तर आधी बेअरिंग, मग क्लच.

फट कमी ठेवली की ‘पकड चांगली बसेल’ असं वाटतं. टॉर्क वाढत नाही, सुटलेल्या अवस्थेत आर्मेचर घासत राहतं, लायनिंग तापतं आणि फुगतं. उलट बाजूला, झिजता झिजता फट मूळ आकड्याच्या अडीच-तीन पट झाली की क्लच कधीही दगा देईल. महिन्यातून एकदा फिलर गेज घालायला दोन मिनिटं लागतात.

## टप्पा ८: वायरिंग

कॉइलचा करंट ०.८३ अँपिअर. अनेक पीएलसींचं ट्रान्झिस्टर आउटपुट ०.५ अँपिअरचंच असतं. सरळ जोडलंत तर आधी आउटपुट जाईल. मधे रिले टाकला तर दुसरा हिशेब: मिनिटाला साठ पाऊच, म्हणजे आठ तासांच्या पाळीत २८,८०० वेळा. साध्या प्लग-इन रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य १ लाख वेळांच्या आसपास धरतात. साडेतीन पाळ्यांत रिले संपला. म्हणून इथे सॉलिड स्टेट रिले (हलते संपर्क नसलेला) हवा, आणि तोही डीसी आउटपुटचा. दुकानात मिळणारा एसी आउटपुटचा लावलात तर तो चालू होईल आणि बंदच होणार नाही, कारण त्याला सुटायला करंट शून्यावर यावा लागतो आणि डीसीमध्ये तो येत नाही.

स्विच कुठे तोडतो हेही बघा. रेक्टिफायरच्या आधी, एसीच्या बाजूला तोडलं तर कॉइलमधला करंट ब्रिजच्याच डायोडमधून फिरत राहतो आणि क्लच सावकाश सुटतो. पाऊच मशीनवर तोडायचं ते डीसीच्या बाजूला.

कॉइल बंद होताना उलट व्होल्टेजचा मोठा झटका येतो, त्यासाठी संरक्षण लागतं. कॉइलला समांतर साधा डायोड लावला तर झटका मरतो, पण करंटही आत फिरत राहतो आणि सुटायचा वेळ कित्येक पटींनी वाढतो. त्याऐवजी व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की वाहू लागणारा रोध) लावला तर सुटणं बरंच लवकर होतं. फक्त तो झटका ज्या व्होल्टेजवर रोखतो ते तुमच्या आउटपुटला सोसेल एवढं हवं. डायोडच लावायचा असेल तर पट्टीचं टोक प्लसला. उलट लावलात तर तो शॉर्ट आहे, आणि एसएमपीएस तेवढं लगेच सांगतो.

## टप्पा ९: तोंडं रगडून बसवा

नवीन क्लच पहिल्या दिवशी पूर्ण टॉर्क देत नाही. लायनिंग आणि आर्मेचर यांची तोंडं वरवर सपाट दिसली तरी एकमेकांना सगळीकडे टेकत नाहीत. खोक्यातून काढून लगेच पूर्ण वेगाने उत्पादन घेतलं तर तो घसरतो, उंचवटे जळून काचेसारखे होतात आणि तो कायमचा कमी पकडणारा राहतो. ‘नवा क्लचही घसरतोय’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

फिल्म काढून ठेवा. व्होल्टेज बदलता येणारा पुरवठा असेल तर ब्रेकला पूर्ण २४ देऊन रोलर रोखा, क्लचला ८ ते १० व्होल्ट द्या आणि शाफ्ट हळू फिरवत घसरू द्या. सगळी मिळून दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, तीही मधे थांबत, क्लच हाताला सोसेल इतका थंड ठेवत. असा पुरवठा नसेल तर मशीन सगळ्यात कमी वेगाला ठेवून तीस-चाळीस वेळा क्लच लावा-सोडा, दर दहा वेळांनी थांबा. नंतर फट पुन्हा मोजा. ती थोडी वाढलेली दिसेल. गरज पडली तर शिमने परत जागेवर आणा.

## टप्पा १०: क्लच आणि ब्रेकचं टाइमिंग

क्लच सुटण्याआधी ब्रेक लागला तर दोघं एकमेकांशी झगडतात आणि दोन्ही तापतात. फार उशिरा लागला तर रोलर तरंगत पुढे जातो. रोलरवर फिल्मचा वेग सेकंदाला ०.४ मीटर असेल तर १० मिलिसेकंदांत ती ४ मिलिमीटर सरकते. एवढ्याने आय मार्क सीलवर येतो.

क्लच बंद आणि ब्रेक चालू यांच्यात सुरुवातीला ३० मिलिसेकंद ठेवा आणि पाच-पाचने कमी करत या. दर वेळी वीस पाऊच सलग घेऊन स्टीलच्या पट्टीने मोजा. वीसही पाऊच सारखेच ३ मिलिमीटर लांब असतील तर सेटिंग बदला, क्लचला हात लावू नका. एक ११८, एक १२३, एक ११९ असे विखुरलेले येत असतील तर सेटिंगने काही होणार नाही. टप्पा ३ आणि ७ मध्ये परत जा. हीच वीस पाऊचांची मोजणी तासाभराने, क्लच तापल्यावर पुन्हा करा.

## ही पद्धत जशीच्या तशी कुठे लावू नये

लेथच्या हेडस्टॉकमधला अनेक प्लेटांचा क्लच तेलात चालतो. तिथे तेल हे दुखणं नाही, औषध आहे, आणि कोरडं लायनिंग तिथे टाकू नका. दातेरी क्लच थांबलेल्या किंवा अगदी सावकाश फिरणाऱ्या शाफ्टवरच लावायचा, वेगात लावला तर दात गेले. फिल्म स्लिटिंगच्या मशीनवर ताण धरणाऱ्या पावडर क्लचमध्ये लोखंडी भुकटी असते, टॉर्क करंटबरोबर कमी-जास्त होतो आणि तो घसरण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात फट नाही आणि शिमही नाहीत. मोटारगाडीच्या एसी कॉम्प्रेसरचा क्लच मात्र आपल्या ओळखीचा आहे, १२ व्होल्टचा, रोध साधारण ३ ते ४ ओम. त्याचीही फट शिमनेच लावतात.

> धोका. वीज गेली की हा क्लच सुटतो. उभा लोड, उचलणारा पट्टा, चढावरचा कन्व्हेयर अशा जागी तो एकटा कधीच नको. तिथे वीज गेल्यावर स्प्रिंगने आपोआप लागणारा ब्रेक वेगळा बसवलेला असलाच पाहिजे.

काम झालं की पॅनलच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. तारीख, कॉइलचा थंड रोध, चालू व्होल्टेज थंड आणि गरम, फटीचे तीन आकडे, शिमची जाडी, क्लच-ब्रेकमधले मिलिसेकंद. पेनने लिहा, स्केचपेनची शाई मसाल्याच्या शेडमध्ये दोन महिन्यांत पिवळी होते.